ज्वालामुखीचा प्रकल्प करताय? या चुका टाळा

पुण्यातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांना मी अधूनमधून परीक्षक म्हणून जातो. टेबलावर शाडूचा शंकू, त्यात खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर. फेस उतू जातो, आई फोटो काढते. फेसाला माझी हरकत नाही. खऱ्या शिलारसालाही वर ढकलण्यात त्यात विरघळलेल्या वायूंचा मोठा हात असतो. हरकत आहे ती शंकूला. फलकावर ‘दख्खनचा ज्वालामुखी’ आणि मॉडेल जपानच्या फुजीचं!

आपल्याकडचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः लांबलचक भेगांतून आला आणि थरावर थर पसरत गेला. म्हणून शंकू मोडा. जाड पुठ्ठ्याला वीतभर चीर पाडा, दुधाच्या पिशवीत पातळ कालवलेली शाडू भरा, कोपरा कापा आणि चिरेखालून दाबत न्या. माती पसरण्याऐवजी ढीग होतोय? घट्ट झालीय, पाणी घाला. बेसाल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या खडकाचा, रसही पातळ होता, म्हणूनच इतका लांब गेला. एक थर वाळू द्या, वर चिमूटभर गेरू भुरभुरवा, मग दुसरा थर. हा गेरू शोभेचा नाही. कात्रज घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत काळ्या खडकांमध्ये लाल पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात झिजलेला, मग वरच्या लाव्ह्याने भाजलेला तो थर.

एका मुलीने सोसायटीच्या पायाच्या खड्ड्यातला भोकाभोकांचा दगड आणला होता. वायूच्या बुडबुड्यांची ती भोकं, आत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक. आणि ठेवला कुठे, तर चार्ट उडू नये म्हणून त्यावर!

चार्टवर हमखास दिसणारी आणखी एक चूक: कवचाखाली सगळीकडे उकळता लाल रस. कवचाखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, बहुतांशी घनच आहे. दाब घटला किंवा पाणी मिसळलं की त्याचा थोडा भाग वितळतो. आणि लोणारला ज्वालामुखीचं मुख म्हणू नका, ते उल्कापाताचं विवर आहे.

भूकंपासाठी मुलं टेबल हलवतात. ताण साठतो कसा, हे त्यात दिसतच नाही. फळीवर पॉलिश पेपर चिकटवा, विटेच्या तळालाही लावा आणि वीट रबराने हळूहळू ओढा. रबर ताणत जातं, वीट हलत नाही, मग एकदम झटका. दोरी वापरलीत तर झटका नीट मिळणार नाही, कारण ती फारशी ताणत नाही.

‘भूकंप फक्त भूपट्टांच्या (पृथ्वीच्या बाहेरच्या टणक थराच्या प्रचंड तुकड्यांच्या) कडेला होतात’ हे वाक्यही खोडा. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप, दोन्ही कडेपासून दूर, भूपट्टाच्या आत झाले. कोयनेत आधीच ताणलेल्या भेगांना जलाशयाच्या पाण्याचं निमित्त झालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेही दाखवता येतं: वीट अडून बसली की तळाशी थोडं पाणी सोडून बघा. तरीही हलली नाही आणि रबरच तुटलं, तर वीट अर्धी घ्या.