कोक भट्टीच्या वायूतून हायड्रोजन: नव्याने येणाऱ्यांसाठी

नाशिकच्या मुलाला कोळसा म्हटला की एकलहऱ्याचे वीजकेंद्र आठवते. मीही येथून केमिकल इंजिनिअरिंग करून एका पोलाद कारखान्यात रुजू झालो, तेव्हा कोळसा म्हणजे जाळण्याचीच वस्तू एवढेच मला ठाऊक होते. कोक भट्टीत, म्हणजे कोळशापासून लोखंड बनवण्यासाठी लागणारा कोक तयार करणाऱ्या भट्टीत, मात्र तो जाळत नाहीत; हवा लागू न देता १,००० अंश सेल्सिअसच्या वर सोळा ते वीस तास भाजतात, आणि त्या वेळी टनामागे निघणाऱ्या सुमारे ३०० घनमीटर वायूत ५५ ते ६० टक्के हायड्रोजन असतो.

या क्षेत्रात येणारे बहुतेक जण थेट पीएसएकडे, म्हणजे दाब कमी-जास्त करून वायू वेगळे करणाऱ्या यंत्रणेकडे (प्रेशर स्विंग अ‍ॅड्सॉर्प्शन) वळतात. झिओलाइट आणि सक्रिय कार्बनचे थर दाबाखाली इतर वायू धरून ठेवतात व ९९.९९९ टक्क्यांपर्यंत शुद्ध हायड्रोजन पुढे जातो, हे तत्त्व आठवड्याभरात समजते. खरी कसोटी त्याआधीच्या शुद्धीकरणात आहे, कारण डांबर, बेंझिन, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड यांपैकी काहीही पुढे निसटले तर ते महागडे थर निकामी होतात. पहिल्याच हिवाळ्यात कॉम्प्रेसरच्या अलीकडील फिल्टरवर दाबातील फरक वाढू लागला, तेव्हा मी दोन दिवस मीटरलाच दोष देत बसलो. फिल्टर उघडला तर आत पांढऱ्या चकचकीत पापुद्र्यांचा थर होता आणि घरच्या ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा तोच वास येत होता. थंडीने वायूतील नॅफ्थलीन पाइपातच गोठले होते. म्हणून प्रशिक्षणाचे पहिले महिने गॅस कूलर आणि स्क्रबरवर (वायू धुऊन घेणाऱ्या टॉवरवर) मागून घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

हा वायू फुकट वाया जातो, असेही समजू नये. कारखाना तो भट्ट्यांत जाळतोच, आणि त्याच्या उष्णतेतील सुमारे एक तृतीयांश वाटा हायड्रोजनचा असतो. तो काढून घेतला की तेवढे इंधन दुसरीकडून आणावे लागते. या हायड्रोजनला हरितही म्हणता येत नाही, कारण जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात भर आहे तो नवीकरणीय विजेवर आणि जैवभारावर. मुलाखतीत हा हिशेब आधी मांडावा.

हायड्रोजन काढल्यावर उरलेल्या वायूत गंधहीन कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण जवळपास दुप्पट होते. त्या बाजूला जाताना खिशाला सीओ डिटेक्टर असलाच पाहिजे, काम दोन मिनिटांचे असले तरीही.