१७ मार्च १६४८: इंग्लंडचा इतिहास शिकायला बसणाऱ्यांनी आधी हे वाचा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी लघुप्रबंधाला इंग्लंडचं यादवी युद्ध घेतलं. राजा पहिला चार्ल्स, त्याच्याशी लढणारं पार्लमेंट, पार्लमेंटच्या बाजूचा सेनानी क्रॉमवेल. ट्यूडर, स्टुअर्ट, हॅनोव्हर ही घराणी तुम्हाला पाठ असतील असं धरून चालते, वंशावळ सांगत बसत नाही. मला जिथे फटका बसला तेवढंच नीट सांगायचं आहे. कारण ते माझ्याकडच्या कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं आणि त्यात माझं एक अख्खं सत्र गेलं.

मूळ साधनं वाचायची म्हणून मी त्या काळच्या कायद्यांच्या मजकुराच्या झेरॉक्स गोळा केल्या. राजेपद रद्द करणाऱ्या कायद्यावर तारीख होती १७ मार्च १६४८. चार्ल्सचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ ला झाला, हे तर पाठच होतं. तक्ता करून तारखा लावल्या आणि अंगावर काटा आला. राजाला मारायच्या साडेदहा महिने आधीच पार्लमेंटने राजेपद मोडीत काढलं होतं! म्हणजे खटला नुसता उपचार होता! ही गोष्ट एकाही पुस्तकात कशी नाही, याचं आश्चर्य वाटलं, पण स्वतःवर शंका आली नाही. त्यावर चौदा पानांचं प्रकरण लिहिलं. मार्गदर्शकांनी सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी सरळ परिशिष्ट उघडलं. चार्ल्सच्या मृत्युदंडाचं आज्ञापत्र, ५९ जणांच्या सह्यांचं, मी तिथे उतरवून दिलं होतं. त्याखाली माझीच तळटीप होती: ‘मुळात २९ जानेवारी १६४८ असे आहे, चूक समजून १६४९ केले.’ मॅडमनी त्या ओळीवर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "इथे वर्ष बदललंत, मग तिकडे मार्चचं का नाही बदललं?" मला उत्तर देता आलं नाही. घसा कोरडा पडला होता, तो अजून आठवतो.

आज्ञापत्रात चूक नव्हतीच. इंग्लंडमध्ये त्या काळी सन १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला बदलायचा. डिसेंबर १६४८ संपला की येणारा जानेवारीही १६४८ चाच, फेब्रुवारीही १६४८ चाच, आणि २४ मार्चच्या रात्रीपर्यंत कागदावर १६४८ च. म्हणजे ‘मार्च १६४८’ त्या वर्षाच्या दोन्ही टोकांना होता: २५ ते ३१ मार्च वर्षाच्या सुरुवातीला, १ ते २४ मार्च शेवटी. माझा १७ मार्च शेवटचा होता. आपल्या हिशोबाने तो १६४९ चा, राजा गेल्यानंतर साडेसहा आठवड्यांनी आलेला. आधी राजा गेला, मग राजेपद गेलं. चौदा पानं रद्द.

मला जास्त लागलं ते याचं, की आपल्या माणसाला हे कळायला हवं होतं. शके १५५१ च्या फाल्गुनातली तिथी इसवी सनात नेताना आपण ७८ नव्हे, ७९ मिळवतो, तेव्हा शिवरायांच्या जन्माचं १६३० येतं. पाडवा उजाडेपर्यंत शक जुनाच चालतो, हे मी लहानपणापासून पाहत आले. इंग्लंडचाही पाडवा असाच उशिरा येत असेल, हे काही मनात आलं नाही.

तेव्हा सवय लावून घ्या. १ जानेवारी ते २४ मार्च यांतली कुठलीही जुनी इंग्लिश तारीख वहीत उतरवताना १६४८/४९ असं जोडवर्ष लिहा. पण त्याआधी संपादकाची प्रस्तावना वाचा, अगदी कंटाळवाणी असली तरी! काही संपादक सन आधीच आधुनिक करून छापतात, काही मुळातला ठेवतात. हे न बघता तुम्ही पुन्हा एक वर्ष मिळवलंत, तर पहिल्या चुकीवर दुसरी चूक. शिवाय कागद कुठला तेही बघा. स्कॉटलंडने १६०० पासून १ जानेवारीला नवं वर्ष धरलं. युरोपातले कॅथलिक देश १५८२ पासून ग्रेगरियन, म्हणजे आजच्या, कालगणनेकडे वळू लागले होते, त्यामुळे सतराव्या शतकात इंग्लंड त्यांच्या दहा दिवस मागे. पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हॉलंडच्या विल्यमचं आरमार तिकडच्या तारखेने ११ नोव्हेंबर १६८८ ला निघालं आणि इंग्लंडच्या तारखेने ५ नोव्हेंबरला किनाऱ्याला लागलं! हा घोळ १७५२ ला मिटला. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला आणि त्याच वर्षापासून सन १ जानेवारीला सुरू झाला.

राज्यवर्षांचंही, म्हणजे राजा गादीवर आल्यापासून मोजलेल्या वर्षांचंही, असंच. दुसरा चार्ल्स मे १६६० मध्ये परतला, पण त्या वर्षीच्या कायद्यांवर त्याच्या कारकिर्दीचं बारावं वर्ष आहे. कारण बाप, म्हणजे पहिला चार्ल्स, मेला त्या दिवसापासून तो राजा, असं धरलं गेलं. मधली प्रजासत्ताकाची अकरा वर्षं कागदोपत्री पुसून टाकली. अशा नोंदी पाठ करून कळत नाहीत, भांडण समजलं की कळतात.

म्हणूनच राजांची यादी गाण्यासारखी घोकायला लावणारे व्हिडिओ आणि तयार नोट्स यांच्यावर माझा राग आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नापुरतं ते चालेल, प्रबंधाला नाही. मार्गदर्शकाबद्दलही स्पष्ट सांगते: झटपट सही करणारे सर शोधू नका. "मूळ कागद दाखव" म्हणून पिडणारे सर मिळाले, तर त्यांना सोडू नका. मी पहिल्या प्रकारचे सर निवडले होते, आणि सोपे पडतील म्हणूनच निवडले होते.

पण घाबरूनही जाऊ नका. सगळं प्रकरण नव्याने लिहायला मला पाच महिने लागले, त्या वर्षीची नेट परीक्षा हुकली, घरी बोलणी खाल्ली. तरी त्याच पाच महिन्यांत मी खऱ्या अर्थाने कागद वाचायला शिकले. इंग्रजी कमकुवत असेल तरी अडत नाही. जुनी वाक्यं चौथ्या-पाचव्या वाचनात उलगडतात, माझीही तशीच उलगडली.

आपल्या इतिहासात काम करणाऱ्यांनी तर हे जास्तच सांभाळायला हवं. महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची, पण इंग्रजांच्या त्या काळच्या हिशोबाने तो जानेवारी १६६३ चा. दुसऱ्या चार्ल्सने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली ती सनद २७ मार्च १६६८ ची. ती तीन दिवस आधी निघाली असती, तर तिच्यावर १६६७ पडलं असतं.

सरावाला एक प्रसंग देते. पहिली एलिझाबेथ २४ मार्चला पहाटे रिचमंडच्या राजवाड्यात वारली. तिच्या दरबारातला रॉबर्ट केरी घोडे बदलत उत्तरेला निघाला आणि २६ च्या रात्री एडिंबरोला पोचून त्याने स्कॉटलंडचा राजा जेम्स याला इंग्लंडचा राजा म्हणून मुजरा केला. राणी कुठल्या सनात गेली, केरी कुठल्या सनात पोचला, आणि राणी गेली त्या सकाळी जेम्सच्या दरबारात कुठला सन चालू होता, हे वहीत जोडवर्षासकट लिहून बघा. तिन्ही उत्तरं न अडखळता आली, की मूळ कागद उघडा.