तालीम संघाचा इतिहास आणि मानकऱ्यांची यादी कशी लिहावी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या परिसरातील एखाद्या तालीम संघाला पन्नास किंवा पंचाहत्तर वर्षे होत आली, की कार्यकारिणीच्या बैठकीत दोन ठराव हमखास होतात : एक मैदान भरवण्याचा आणि दुसरा स्मरणिका काढण्याचा. मैदान पार पडते, कारण त्याची सवय असते. स्मरणिकेतील इतिहास मात्र शेवटच्या पंधरवड्यात गावातील एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो आणि मानकऱ्यांची यादी भिंतीवरील फलकावरून जशीच्या तशी उतरवली जाते. पुढील मजकूर त्या शिक्षकासाठी आहे.

सर्वांत आधी यादीत कोणाला घ्यायचे हे ठरवून घ्यावे आणि तो ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहून त्यावर सह्या घ्याव्यात. किताब, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतील पदक आणि जत्रेच्या मैदानात पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीला मिळालेली चांदीची गदा या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून त्यांचे रकानेही वेगळे असावेत. हा ठराव आधी झाला नाही, तर यादी छापखान्यात जाण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक गल्लीतून एक नाव येते आणि कोणालाही नाही म्हणता येत नाही.

त्यानंतर वस्तू पाहाव्यात. गदेच्या गोलावर किंवा दांड्याच्या पट्टीवर गावाचे नाव, जत्रा, साल आणि इनाम देणाऱ्याचे नाव कोरलेले असते. पण दर खंडेनवमीला चिंच आणि राख लावून घासल्यामुळे जुन्या गदेवरील अक्षरे पार झिजलेली असतात. अशा वेळी ती आणखी घासू नये. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड एका बाजूने आडवा टाकला, की खोलगट राहिलेल्या रेघांत सावली धरते आणि आकडे उमटून दिसतात. तरीही वाचता आले नाही, तर वर पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवावी. मराठी एक आणि नऊ झिजल्यावर सारखेच दिसतात, त्यामुळे केवळ गदेवर विसंबून साल पक्के करू नये.

कागदांत सर्वांत भरवशाची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कारण पैसे दिले त्याच दिवशी ती लिहिली जाते. गदा, फेटे, हलगीवाल्यांची बिदागी, कुस्तीच्या हौद्यातील लाल मातीसाठी तेल, ताक, हळद, लिंबू अशा खर्चाच्या ओळींवरून मैदान नेमके कोणत्या दिवशी झाले ते कळते. जुन्या वह्या मोडीत असल्यास वाचणारा शोधावा; अंदाजाने वाचू नये. हस्तपत्रकांबाबत मात्र सावध राहावे. पत्रकावर नेमलेल्या जोडी छापलेल्या असतात, निकाल नसतो. ती कुस्ती ठरली होती एवढेच त्यावरून सिद्ध होते. प्रत्यक्षात मल्ल आला की नाही, जोड बदलली का, कुस्ती कोणी मारली, यांतले काहीही त्यात नसते. निकालासाठी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र पाहावे लागते. बेळगावातील ‘तरुण भारत’ 1919 सालापासूनचे आहे, त्यामुळे तारीख हाती असेल तर शोध सोपा होतो आणि नसेल तर महिनेच्या महिने चाळावे लागतात.

तारीख हाती येते ती बहुधा शके आणि तिथीच्या रूपात, आणि घोळ तेथेच होतो. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हा शाळेत शिकलेला नियम चैत्रापासून साधारण मार्गशीर्षापर्यंत चालतो. पौषात इंग्रजी वर्ष बदलते, म्हणून तेथे पंचांग पाहावे. माघ आणि फाल्गुनात 79 मिळवावे लागतात. आमच्या गावच्या तालमीची यादी करताना मी स्वतः शके 1859 च्या माघातील मैदान 1937 सालचे म्हणून लिहून दिले होते. ते 1938 सालचे होते. रंगाऱ्याने तैलरंगात ते साल रंगवले आणि पुढे चार वर्षे जो तो त्याखाली उभा राहून छायाचित्रे काढत होता.

सीमाभागातील यादीत याहून नाजूक रकाना राज्याचा असतो. माझ्या मते येथे एकच नियम पाळावा : कुस्ती झाली त्या दिवशी त्या गावावर जे राज्य होते, त्याचेच नाव लिहावे. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यानंतर म्हैसूर राज्यात गेला आणि त्या राज्याचे कर्नाटक हे नाव 1 नोव्हेंबर 1973 पासूनचे आहे. कोल्हापूर 1949 पर्यंत संस्थान होते. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे यांचे उदाहरण घ्यावे. कोल्हापूरच्या तालमीत घडलेल्या या मल्लाने 1959 साली दिल्लीत पंजाबच्या बंता सिंगला हरवून पहिला हिंदकेसरी किताब मिळवला. ते महाराष्ट्राचे की कर्नाटकाचे, यावर पारावर तासन्‌तास वाद रंगतो. पण त्या वर्षी एकसंबे म्हैसूर राज्यात होते, कोल्हापूर द्विभाषिक मुंबई राज्यात होते, महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 रोजी व्हायचे होते आणि कर्नाटक हे नाव त्याहून तेरा वर्षे पुढचे होते. यादीत ‘एकसंबे, म्हैसूर राज्य, तालीम कोल्हापूर’ असे लिहिले की वाद करणाऱ्या दोघांनाही काही खोडता येत नाही. सीमाप्रश्नाबद्दल आपले जे काही मत असेल, ते प्रस्तावनेत सविस्तर मांडावे; रकान्यात आणू नये.

वृद्ध वस्तादांच्या आठवणी घेताना ‘कोणत्या साली?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर विचारणाऱ्याला बरे वाटावे म्हणून दिले जाते. कोयनेच्या भूकंपाच्या, म्हणजे डिसेंबर 1967 च्या, आधी की नंतर. बहात्तरच्या दुष्काळात मैदान भरले होते का. त्या वेळी घरात कोणाचे लग्न झाले होते, असे विचारावे. शक्य असल्यास हरलेल्या मल्लाच्या गावीही जावे. जिंकणाऱ्याच्या आठवणीत प्रत्येक कुस्ती दोन मिनिटांत घिस्सा डावावर निकाली झालेली असते; समोरच्या गावात गेल्यावर कळते, की ती पाऊण तास चालली होती आणि पंचांनी अंधार पडल्यावर बरोबरीत सोडवली होती. एका वस्तादांनी मला डाव सांगताना बोलणे अर्ध्यावर सोडले, माझे मनगट धरून खांदा खाली दाबला आणि विचारले, ‘आता सांग, तुझा तोल कुठल्या पायावर आहे?’ डाव्या पायावर होता. म्हणून डावाचे नाव त्यांच्याच तोंडचे लिहावे, पुस्तकातील लिहू नये.

निकालाचा प्रकारही स्पष्ट लिहावा. चितपट, गुणांवर विजय, बरोबरी आणि प्रतिस्पर्धी न आल्याने मिळालेली पुढे चाल या चार नोंदी एकाच ‘विजयी’ शब्दाखाली कोंबू नयेत. गादीवरील स्पर्धांचे वजनगट वेळोवेळी बदललेले आहेत. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले तो गट बँटमवेट म्हणून नोंदला गेला आहे आणि तो तसाच राहू द्यावा, त्याप्रमाणे आपल्या मल्लांचाही त्या काळचा गटच लिहावा.

नावांत हस्तपत्रकांमुळे आणखी एक अडचण येते. त्यांवर मल्लाचे पहिले नाव आणि गाव एवढेच असते, त्यामुळे एकाच गावचे दोन मारुती यादीत एक होऊन जातात आणि एकाच माणसाने वीस वर्षे मैदाने मारल्यासारखे दिसते. वडिलांचे नाव मिळाल्याशिवाय दोन नोंदी जोडू नयेत. यादीची कन्नड प्रतही सोबत तयार करावी, कारण 1956 नंतरची स्पर्धांची प्रमाणपत्रे बहुधा त्याच लिपीत सापडतात आणि दोन्हीकडील आडनाव ताडून पाहिल्याशिवाय जुळत नाही.

प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमांकाने एका वहीत पुरावा कोणता, तो कोणाच्या घरी आहे, हे लिहून ठेवावे. पुरावा नसलेली नावे गाळू नयेत. ती ‘सांगोवांगी’ या मथळ्याखाली शेवटी वेगळी द्यावीत, म्हणजे घरच्यांना कागद शोधायला निमित्त मिळते. हौदा खणणारे, माती चाळणारे आणि हलगी वाजवणारे यांच्यासाठी एक पान राखावे. फलक रंगवण्यापूर्वी मजकुराची प्रत तालमीच्या दारावर महिनाभर चिकटवून ठेवावी आणि शेजारी दोरीने पेन्सिल बांधावी. दुरुस्त्या येतीलच, आमच्याकडे पहिल्या आठवड्यात अकरा आल्या, त्यांतल्या चार एकाच घरातून आणि एकमेकींच्या विरुद्ध होत्या.