डाळिंबात मधपेट्या ठेवल्यात? मग फवारणी अशी करा

पहिलं काम, बाटलीवरचं ब्रँडचं नाव सोडा आणि खालचं बारीक अक्षरातलं टेक्निकल नाव वाचा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन यातलं काही असेल तर फुलं असेपर्यंत हात लावू नका, युरोपात ही तिन्ही उघड्या शेतात वापरायला 2018 मध्येच बंदी घातलीये.

ही औषधं माशीच्या मेंदूतल्या पेशींमधल्या निरोप घेण्याच्या जागेवरच जाऊन बसतात, त्यामुळे डोस कमी असला आणि माशी जागेवर मेली नाही तरी वास, रस्ता, पेटीची जागा हे सगळं तिच्या डोक्यातून जायला लागतं. आणि बाहेर फिरते कोण, तर साधारण तीन आठवड्यांची म्हणजे त्यांच्यातली वयस्कर माशी, लहान असताना ती आत पिल्लं सांभाळते. बरेच दिवस बाहेर फिरलेल्या माशीला नवीन शिकणं आधीच जड होत असतं त्यात वरून हे विष. मोठ्या माश्या परतल्या नाहीत की कोवळ्या वेळेआधीच बाहेर पडतात, रस्ते नीट शिकलेले नसतात आणि पेटी खचत जाते.

दुसऱ्या कुठल्या औषधाची फवारणी करावीच लागली तर अंधार पडल्यावर, माश्या आत गेल्यावर करा. पंपातलं उरलेलं पाणी चारीत अजिबात ओतू नका, माश्या तिथंच पाणी प्यायला येतात. बांधावरच्या फुललेल्या तणावर औषध उडू देऊ नका. शेजाऱ्यालाही आदल्या दिवशी फोन करा आणि त्याची फवारणी असेल तर पेट्या रात्रीच लांब हलवा.

सकाळी पेटीच्या दारात बघा, माशी थरथरतेय, गोल फिरतेय, जीभ बाहेर आलीये असं दिसलं तर विषबाधा समजा.