दोष लेन्सचा नव्हताच

दोन महिने मी लेन्सलाच शिव्या घालत होतो. पाणथळीवरचे शेकाटे पक्षी ४०० एमएमवर, म्हणजे लांबून जवळ ओढून, टिपले की त्यांचे लांबसडक गुलाबी पाय नागमोडी दिसायचे, डोळा तर पुसल्यासारखा. हात हलत असेल म्हणून शटर १/२००० सेकंद इतकं वेगवान केलं, ट्रायपॉड लावला, तरी तेच. मग एकदा वीस फुटांवरची चिमणी टिपली, तर पीस न् पीस मोजून घ्या! म्हणजे लेन्स ठणठणीत. घोळ मधल्या हवेचा होता. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, आणि लांबून फोटो काढताना ती थरथरच फोटोत उतरते. आता उजाडताच पोहोचतो, काठावर गुपचूप बसून राहतो; शेकाटे चरत चरत आपणच जवळ येतात. ऊन तापलं की कॅमेरा पिशवीत. (लेन्स विकायला काढली होती, हे घरी अजून बोललेलो नाही.)