तिखट झेपत नसेल तर मेक्सिकन हॉटेलात काय मागवाल?
सांगलीत राहून तिखट न खाणारा म्हणजे चेष्टेचा विषय. आमच्या घरात तो मान माझा. पोरं विश्रामबागेत मेक्सिकन खायला ओढून नेतात तेव्हा मी सरळ केसाडिया मागवतो: मैद्याच्या पोळीत चीज भरून तव्यावर भाजलेली. फक्त 'आत हालापेन्यो नको' (ही तिथली तिखट मिरची) हे ऑर्डर देतानाच सांगायचं. बरिटोही चालतो, म्हणजे पोळीची गुंडाळी, आत भात आणि राजमाच तर असतो. सालसा, म्हणजे त्यांची तिखट चटणी, तेवढा वेगळ्या वाटीत मागा.

मेन्यूत 'चिपोटले' दिसलं की सावध व्हा. नाव गोड वाटतं, पण ती धुरावर सुकवलेली हालापेन्यो मिरचीच. हाबानेरो मिरचीच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका.

हिरवा सालसा आपल्या कोथिंबिरीच्या चटणीसारखा दिसतो. त्याला भुलून मी एकदा नाचोवर चमचाभर ओतला आणि मग नाका-डोळ्यांतून धारा! वर दोन ग्लास पाणी ढोसलं, काही उपयोग नाही. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. तेव्हा सावर क्रीमची वाटी आधीच मागून ठेवा. चव साधारण आपल्या आंबट चक्क्यासारखी.