दृष्टिहीन आणि कर्णबधिर श्रोत्यांनाही कळेल अशी पीपीटी कशी करावी

कॉलेजात, कार्यालयात, बचतगटाच्या प्रशिक्षणात, ग्रामपंचायतीच्या बैठकीत, सगळीकडे आता पीपीटी दाखवली जाते. समोर बसलेल्यांत एखादी दृष्टिहीन विद्यार्थिनी असते, कमी ऐकू येणारे एखादे काका असतात, लाल आणि हिरवा वेगळा न ओळखू शकणारा एखादा कर्मचारी असतो. त्यांच्यासाठी निराळी पीपीटी करावी लागत नाही, आहे तीच नीट बांधावी लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य स्वरूपात मिळावा यासाठी शासनाने उपाय करावेत, असं त्याचं कलम ४२ सांगतं. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? यातली बरीचशी कामं आज, याच फाइलमध्ये करता येतात.

पुढच्या पायऱ्या पॉवरपॉइंट धरून लिहिल्या आहेत. गूगल स्लाइड्स किंवा लिबरऑफिसमध्ये मेनूंची नावं बदलतील, काम तेच.

१. सगळ्यात आधी फॉन्ट तपासा

मराठी पीपीटीचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख, श्रीलिपीचे जुने फॉन्ट यांत अक्षर डोळ्यांना देवनागरी दिसतं, पण फाइलच्या पोटात साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. दृष्टिहीन माणूस वापरतो तो स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फाइलमधली ही साठलेली अक्षरं वाचतो. त्यामुळे पडद्यावर सुरेख दिसणारं वाक्य त्याला निरर्थक अक्षरांच्या माळेसारखं ऐकू येतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. एक ओळ निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी तशीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, म्हणजे फाइलमध्ये खरोखरची देवनागरी अक्षरंच साठलेली आहेत. रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला तर तो जुन्या फॉन्टमधला आहे. तसा असेल तर युनिकोड कन्व्हर्टरमधून बदलून घ्या आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि जोडाक्षरं या बदलात हमखास बिघडतात. मग मंगल, निर्मला यूआय, नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता, यांतला कुठलाही फॉन्ट लावा.

आणखी एक छोटं काम इथेच उरका. सगळा मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’मधल्या ‘लँग्वेज’मध्ये जा आणि प्रूफिंगची भाषा मराठी ठेवा. मराठी ओळ इंग्रजी आवाजात वाचली जाण्याची शक्यता त्याने कमी होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या शासन निर्णयाचा फोटो तसाच स्लाइडवर चिकटवण्याची सवय मात्र सोडाच. फोटोतली अक्षरं स्क्रीन रीडरच्या दृष्टीने अक्षरं नसतातच. त्यातल्या लागतील तेवढ्या ओळी टाइप करा.

२. तयार चौकटींतच लिहा

रिकामी स्लाइड घेऊन त्यावर मनाला येईल तिथे टेक्स्ट बॉक्स काढण्यापेक्षा लेआउटमध्ये शीर्षक आणि मजकुरासाठी दिलेल्या चौकटी वापरा. ‘व्ह्यू’मधून ‘आउटलाइन व्ह्यू’ उघडा. तिथे ज्या स्लाइडचं शीर्षक दिसत नाही, तिचं शीर्षक चौकटीबाहेर लिहिलेलं आहे असं समजा. प्रत्येक स्लाइडला वेगळं शीर्षक द्या. न बघता फाइल चाळणारा माणूस शीर्षकांवरूनच वाट काढतो, आणि लागोपाठ चार वेळा ‘पर्जन्यमान’ ऐकून आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही.

३. वाचनाचा क्रम लावा

स्लाइडवर क्लिक करून टॅब कळ दाबत राहा. निवड ज्या क्रमाने एका गोष्टीवरून दुसरीवर जाते, साधारण त्याच क्रमाने स्क्रीन रीडर वाचतो. शीर्षक शेवटी येत असेल तर आल्ट आणि एफ१० दाबून ‘सिलेक्शन पेन’ उघडा आणि क्रम बदला. इथली यादी खालून वर वाचली जाते, म्हणजे आधी वाचायची गोष्ट सर्वांत खाली ठेवायची. नव्या आवृत्त्यांत ‘रीडिंग ऑर्डर’ पेन असतं, तिथे यादी सरळ वरून खाली चालते.

४. चित्रांचं आणि आलेखांचं वर्णन लिहा

चित्रावर राइट क्लिक करून ‘आल्ट टेक्स्ट’ निवडलं की वर्णनाची जागा उघडते. हे काम उरकून टाकायचं नाही. समजा, सातारा जिल्ह्यातल्या पावसाचा स्तंभालेख आहे. ‘पावसाचा आलेख’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. असं लिहा: ‘स्तंभालेख. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, पर्जन्यछायेतल्या माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास.’ तुम्ही तो आलेख ज्या गोष्टीसाठी घातला, ती गोष्ट वर्णनात आली पाहिजे. बघणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात जी तफावत कळते, ती ऐकणाऱ्यालाही तितक्याच थेट कळायला हवी.

आकडे बरेच असतील तर वर्णन लांबवू नका, पुढच्या स्लाइडवर साधा तक्ता द्या. तक्त्यात ‘हेडर रो’वर खूण असावी आणि चौकटी एकमेकींत मिसळलेल्या नसाव्यात. नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर ‘डेकोरेटिव्ह’ अशी खूण करा, म्हणजे स्क्रीन रीडर ती सोडून देतो.

५. रंग आणि अक्षरांचा आकार

वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट (फिकट-गडदपणातला फरक) किमान ४.५ः१ हवा, मोठ्या अक्षरांना ३ः१ चालतो. तो मोजून देणारी मोफत साधनं आहेत. पांढऱ्यावर पिवळं किंवा भगव्यावर लाल या कसोटीत टिकत नाही. ‘मंजूर’ हिरव्यात आणि ‘नामंजूर’ लाल ठिपक्यात दाखवत असाल तर ठिपक्याशेजारी तो शब्दही लिहा.

अक्षरं २४ पॉइंटपेक्षा लहान नकोत. देवनागरीत अनुस्वार, वेलांट्या आणि रफार ओळीच्या वर चढतात, उकार खाली उतरतात, म्हणून दोन ओळींत अंतरही सढळ ठेवा. मावत नसेल तर दोन स्लाइड करा. लुकलुकणारी चित्रं काढून टाका: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणारा झगमगाट काही अपस्मार असलेल्यांना झटका आणू शकतो.

६. ऐकू न येणाऱ्यांसाठी

व्हिडिओला मराठी कॅप्शन हवीतच. बोलता बोलता आपोआप उमटणारी कॅप्शनही आता मिळतात, पण तुमचं मराठी, गावांची नावं आणि आकडे त्यात कितपत बरोबर येतात हे आदल्या दिवशी त्याच माइकवर तपासा. सांकेतिक भाषेचे दुभाषी येणार असतील तर स्लाइड त्यांना आधी पाठवा. तांत्रिक शब्दांची तयारी त्यांना लागते. सभागृहातले दिवे मालवताना दुभाष्यांवरचा दिवा मात्र चालू ठेवा. आणि माइक घ्याच. ‘माझा आवाज मोठा आहे’ असं म्हणून तो बाजूला ठेवणाऱ्या वक्त्याचा आवाज लूप यंत्रणेतून (माइकचा आवाज बिनतारी पाठवणाऱ्या सोयीतून) श्रवणयंत्रापर्यंत पोहोचतच नाही.

७. बोलताना

‘इथे बघा’, ‘हा जो निळा भाग आहे’ अशी वाक्यं टाळा. ‘महाबळेश्वरचा स्तंभ माणच्या दहापट उंच आहे’ असं म्हणा. स्लाइड बदलली की तिचं शीर्षक उच्चारा. प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती माइक नसेल तर प्रश्न आधी स्वतः पुन्हा सांगा.

८. तपासा आणि आधी पाठवा

‘रिव्ह्यू’मधलं ‘चेक अ‍ॅक्सेसिबिलिटी’ चालवा. वर्णन राहिलंय, शीर्षक नाही, हे ते दाखवतं. लिहिलेलं वर्णन कामाचं आहे का, हे त्याला ठरवता येत नाही. त्यासाठी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर उतरवून घ्या, त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचून दाखवणाऱ्या आवाज-प्रणालीत मराठी आवाज आहे. मॉनिटर बंद करून आपलीच पीपीटी ऐका. रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या कुणाकडून तपासून घेता आली तर फारच उत्तम, आणि त्या कामाचं मानधन जरूर द्या.

पीडीएफ करायची असेल तर ‘प्रिंट’मधून करू नका, शीर्षकांची सगळी रचना त्यात पुसली जाते. ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ निवडा आणि विंडोजवर असाल तर ‘ऑप्शन्स’मध्ये ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर अ‍ॅक्सेसिबिलिटी’वर खूण असल्याची खात्री करा. तिच्यासोबत मूळ पीपीटीही पाठवा, कारण देवनागरी पीडीएफमधली जोडाक्षरं वाचताना कधी कधी तुटतात. दोन्ही फाइली कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापर्यंत पोहोचल्या, तर ज्याला अक्षर मोठं करून किंवा ऐकत वाचायचंय त्याला स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या वेगाने वाचता येतं. निमंत्रणात एक ओळ घाला: ‘आपल्याला दुभाषी, कॅप्शन, मोठ्या अक्षरांतली प्रत किंवा अन्य सोय हवी असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवावे.’ खाली फोन नंबरही द्या आणि ईमेलही. कर्णबधिर माणसाला नुसता फोन नंबर उपयोगाचा नाही.